सगळ्या संघांची ताई

राजगुरुनगर
६ जुलै २०२५

चि. पिंकीस,

मामाचा जयभीम.

फोनवर मला हॅलोच्या पुढे काही कळत नाही, हे तुला ठाऊक आहे. पंचवीस वर्षं कंपनीत, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये काढली, कान तिथंच राहिले. म्हणून लिहितो.

काल तुझी आई येऊन गेली. आल्या आल्या तानूनं मोबाइल काढून चाकणच्या चौकातल्या फ्लेक्सचा फोटो दाखवला. वर ही स्पर्धा भरवणारा सोपानशेठ हात जोडून, हत्तीएवढा. शेजारी त्याचा शर्यतीचा बैल. खाली हेल्मेट घातलेली दहा-बारा पोरं आणि कोपऱ्यात, बैलाच्या शेपटीजवळ, तू. ‘चाकण गजराज : पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉल संघात पहिली रणरागिणी.’ बैलाचं नाव तुझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात आहे, हे तुझ्या आईच्या लक्षात आलं नाही. ती आनंदात होती, म्हणून मी बोललो नाही.

तुला मात्र बोलतो. हा खेळ मी टीव्हीवर पाहिलाय. नाव फुटबॉल आणि अख्खा वेळ चेंडू लेकरू काखेत घेतल्यासारखा घेऊन पळायचं. दोन मिनिटं खेळ की दहा मिनिटं पंचायत. बरं, असेना का. पण त्यात तू कशाला? पुरुषांच्या खेळात एक बाई म्हणजे भेळेवरची कोथिंबीर. दिसायला छान, पण तिच्यावाचून भेळेचं काही अडत नाही. बायकांचा संघ काढा, मी पहिल्या रांगेत येऊन बसतो. सोपान तो काढणार नाही, कारण त्याला निवडणुकीला उभं राहायचंय. आधी बैल नाचवले, आता माणसं नाचवतोय.

कंपनीतली चांगली नोकरी आहे, ती सांभाळ. मामी बरी आहे.

तुझा,
कोंडीराममामा


थेरगाव
१३ जुलै २०२५

ती. मामास,

जयभीम.

पत्र वाचून आईला दाखवलं नाही. बैलाच्या शेपटीचं तिला कळलं तर ती सोपानशेठच्या घरी जाऊन भांडेल.

मामा, तुम्ही टीव्हीवर दोन मिनिटं पाहून खेळ मोडीत काढला. आमच्या कंपनीतले साहेब लोक एक पार्ट बघून अख्खा लॉट रिजेक्ट करतात, तसं. मला काखेत घेऊन पळायचं नाहीच. मी किकर आहे. एक जण चेंडू जमिनीवर उभा धरतो, मी तो दोन उंच खांबांच्या मधून मारायचा. समोरचे धिप्पाड गडी तो अडवायला अंगावर धावून येतात. ते पोचायच्या आत चेंडू पायातून सुटला पाहिजे. एवढंच काम. पण मामा, ते धावत येतात ना, तेव्हाच त्या कामाला अर्थ असतो. नुसते खांब समोर ठेवून कोणीही मारेल.

ट्रायलला मी कोणाच्या वशिल्यानं गेले नव्हते. कंपनीच्या स्पोर्ट्स डेला सिद्धेश सरांनी मला मारताना पाहिलं आणि बोलावलं. ते संघाचे कोच. तिथं आधीचा किकर निम्मे हुकला, मी एकही नाही. मग तो मुलगा म्हणाला, वारा माझ्या बाजूनं होता. अशी ही पुरुषजात. हरली की वाऱ्यावर जाते.

बायकांचा संघ काढा म्हणता. कोण काढणार, तुम्ही? नसेल तर मला जिथं मैदान मिळतं तिथं मी खेळणार. नोकरी सोडलेली नाही. लीगचा पगार हंगामापुरता असतो, म्हणून बहुतेक मुलं शिफ्ट करूनच खेळतात. मीही तेच करते.

तुमची,
पिंकी


राजगुरुनगर
२० जुलै २०२५

चि. पिंकीस,

जयभीम. वाऱ्याचं वाचून हसलो. मामीनं विचारलं काय झालं, सांगितल्यावर तीही हसली, मग म्हणाली, ‘पोरीला पाडून कोनी हातपाय मोडला तर मंग हसा.’

तेच विचारायचंय. मी कंपनीच्या संघातून कबड्डी खेळलोय. समोरचा मला कसा धरतो त्यावरून माझी किंमत कळायची. गुडघा धरायला दोघे आले की समजायचं, आपण कोणीतरी आहोत. मोकळं सोडलं की समजायचं, आज आपल्याला कोणी हिशोबात धरलेलं नाही. तुझी ती पोरं सरावात तुझ्या अंगावर येतात का? खरं सांग. ‘हो मामा’ एवढं लिहिलंस तरी चालेल. मग मी गप्प बसेन.

नाही तर माझं ऐक. पुरुषांत बाईनं खेळू नये, हे माझं मत बाई नाजूक असते म्हणून नाही. तुझ्या आजीनं खडी फोडलीय, नाजूकपणाचं मला कौतुक सांगू नकोस. मला पुरुषांची खात्री नाही, म्हणून म्हणतो.

तुझा,
मामा


थेरगाव
१० ऑगस्ट २०२५

ती. मामास,

जयभीम. उत्तराला उशीर झाला. कंपनीत ऑडिट होतं आणि संध्याकाळी सराव.

सरावात किकरच्या अंगावर फारसं कोणी येत नाही, सगळ्याच संघांत तसं असतं, असं सिद्धेश सर सांगतात. मॅचला येतील.

काल एक गंमत झाली. गंमतच म्हणते. सोपानशेठनी रक्षाबंधनाचा कार्यक्रम ठेवला होता. चारही संघांची मुलं एका मंगल कार्यालयात आणली, मोठा स्टेज, ड्रोन कॅमेरा, आणि मला नऊवारी नेसायला लावली. मी म्हटलं, शेठ, आमच्याकडे राखी नसते. ते म्हणाले, ‘अगं, मैदानावर जात-धर्म नसतो, तू सगळ्या संघांची ताई.’ जात-धर्म नसतो म्हणून राखी बांधायची, हे काही मला समजलं नाही. पण मुलं रांगेत उभी होती, मनगटं पुढे करून. एकेक जण पैलवानासारखा, आणि चेहरा शाळेतल्या पोरासारखा. मी बांधत गेले. हात दुखला. शेवटी सगळ्यांनी मिळून एक फ्लेक्स फडकवला, ‘आमची लाडकी ताई’.

मुलं वाईट नाहीत मामा. पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलली. आधी मी आले की त्यांच्या गप्पा बंद व्हायच्या, आता मला पाणी आणून देतात. म्हणजे त्यांनी मला आपलं मानलं असंच ना?

पहिली मॅच सप्टेंबरात.

तुमची,
पिंकी


राजगुरुनगर
१७ ऑगस्ट २०२५

पिंकी,

मी ‘हो’ एवढंच लिही म्हटलं होतं. तू दोन पानं लिहिलीस, त्यावरून समजलो.

आपल्या घरात कोणी कधी राखी बांधली नाही. तुझ्या आजीनं मला सांगितलं होतं, तानूचं रक्षण करायला तानूचे हात धड आहेत, तू तुझं बघ. आणि तू एका दुपारीत चाकणच्या सगळ्या कारखानी पट्ट्यातल्या पैलवानांना भाऊ करून आलीस. वर विचारतेस, मला आपलं मानलं ना? मानलं की. बहीण मानलं. खेळाडू मानलं नाही.

आता ऐक. तू खांबांकडे तोंड करून उभी राहशील आणि तुझ्या अंगावर कोणी येणार नाही. भाऊ कसे येतील? बहिणीला धडक दिली तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. त्या सोपानला हे समजत असेल असं मला वाटत नाही, एवढी अक्कल त्याच्याकडे असती तर त्यानं बैल राखले नसते. पण आपल्या माणसांची जी खोड आहे, ती त्यानं न कळत नेमकी धरली. बाईला ओवाळायचं, आणि तिला काही करू द्यायचं नाही.

पाणी आणून देतात म्हणे. पाहुण्यांना देतात पाणी.

मामा


थेरगाव
१५ सप्टेंबर २०२५

ती. मामास,

जयभीम.

मॅच झाली. आपण जिंकलो. माझ्या तीन किक झाल्या, तिन्ही खांबांच्या मधून गेल्या, शेवटच्या किकवर सामना निघाला. सोपानशेठनी मला खांद्यावर घेतलं, ढोल वाजले, रात्रभर व्हॉट्सॲपवर माझाच फोटो होता. आईनं पेढे वाटले.

तुमचं खरं झालं. एवढं लिहायला मला आठ दिवस लागले.

पहिल्या किकला मी समोर पाहिलं, तळेगावचे गडी जागचे हलले नाहीत. मला वाटलं शिट्टी चुकली असेल. दुसऱ्या वेळी एकानं हात मागे बांधले. तिसऱ्या वेळी बुटाला चिखल लागला होता, तर चेंडू धरणारा सोनू म्हणाला, ‘निवांत पुसून घे ताई, कोन येतंय.’ आणि मी खरंच पुसला, मामा. सामना अडलेला, लोक उभे राहिलेले, आणि मी वाकून बूट पुसतेय. समोरून एकानं मला नमस्कार केला. मग मी किक मारली.

बायकांना कपडे बदलायला जागा नाही म्हणून मला मैदानावरची ॲम्ब्युलन्स देतात. तिथं जाऊन रडले. ड्रायव्हर काका म्हणाले, ‘आनंदाचे अश्रू हायेत, येऊ द्या.’

सिद्धेश सरांना सांगितलं, तर म्हणाले, पॉइंट हा पॉइंट असतो. तळेगावच्या कॅप्टनला जाऊन म्हटलं, पुढच्या वेळी या अंगावर. त्यानं कानाला हात लावले. ‘ताई, पाप लागंल.’ मी त्याला शिवी दिली. तीही त्यानं हसून घेतली, बहिणीची म्हणून.

त्यांनी चिडून, द्वेषानं मला बाहेर काढलं असतं तर मी भांडले असते. या लोकांशी भांडायचं कसं ते सांगा.

पिंकी


राजगुरुनगर
२१ सप्टेंबर २०२५

चि. पिंकीस,

जयभीम. खरं झालं म्हणून मला काही पेढे खावेसे वाटले नाहीत. तुझ्या आईनं पाठवलेले मामीनं शेजारी वाटले.

मी म्हणत होतो, पुरुषांच्या खेळात बाईनं उतरू नये. आता तेवढं म्हणत नाही. आता म्हणतो, त्या खेळात ते पुरुष कशाला उतरले? अंगावर पोलादी चिलखतं, डोक्याला वेल्डरसारखे टोप, आणि एका पोरीच्या समोर जायची छाती नाही. वर पापपुण्य सांगतात. हेच भाऊ घरी गेल्यावर सख्ख्या बहिणीच्या हिश्श्याची जमीन सही करून घेतात, तेव्हा पाप कुठं असतं?

भांडायचं कसं विचारतेस. माहीत नाही. मला मारणाऱ्याशी भांडता येतं, ओवाळणाऱ्याशी येत नाही. सोडून ये म्हणणार होतो, पण ते तुला मी पहिल्याच पत्रात सांगितलंय आणि तू ऐकलं नाहीस.

पुढची मॅच खेळ. बूट मात्र आधी पुसून जा.

तुझा,
मामा


थेरगाव
१२ ऑक्टोबर २०२५

ती. मामास,

जयभीम. अक्षर बघून दचकू नका, ते माझं नाही. माझं उजव्या खांद्याचं, गळ्याखालचं हाड मोडलंय. मी सांगतेय आणि ज्यानं मोडलं तोच लिहितोय. आई त्याला घरात घेत नव्हती. मी म्हटलं, येऊ दे, तेवढंच पत्राचं काम होईल.

त्याचं नाव नवनाथ. मूळ बीडकडचा, निघोजेला फोर्जिंगच्या कंपनीत आहे, भोसरीच्या संघातून खेळतो. गेल्या रविवारी दुसऱ्या किकला मी नेहमीसारखी उभी राहिले, निवांत, मला सवयच लागली होती. आणि डावीकडून धाड धाड पाय वाजले. मी वर पाहिलं तेव्हा हा पुढ्यात होता. मी मारला, पण उशिरा. चेंडू याच्या पंजाला लागला आणि मग हा माझ्यावर. आधी चेंडूला हात, मग धडक, हे नियमात बसतं. पंचांनीही शिट्टी वाजवली नाही.

मामा, खाली पडल्यावर दुखायच्या आधी मला हसू आलं. खरंच आलं.

मग पंधरा-वीस जण याला मारायला धावले. त्यात आमचेही आणि याचेही. ‘बहिणीवर हात टाकतो का’ म्हणत होते. याला राखी बांधलेलीच नाही. त्या दिवशी याचा ओव्हरटाइम होता, हा कार्यक्रमाला आलाच नव्हता. सगळ्या पट्ट्यात एवढा एकच गडी माझा भाऊ व्हायचा राहिला होता.

आता लीगनं याला काढलंय. सोपानशेठ म्हणतात, एक क्षमा सोहळा करू. यानं स्टेजवर माझ्या पाया पडायचं, मी माफ करायचं, मग याला परत घेतील. मी तयार झाले नाही तर माझाही करार संपला. हा पडायला तयार नाही. काय करू सांगा.

पिंकी

मामा, जयभीम. मी नवनाथ. ताईनी सांगितलं ते लिव्हलं, चुकलं आसंल तर माफी. मी काई मुद्दाम आपटलं न्हाई. चेंडू दिसला, म्या पळालो. आन खरं सांगतो, राखी बांदलेली आसती तर बहुतेक जरा हळू आलो आसतो.


राजगुरुनगर
१७ ऑक्टोबर २०२५

चि. पिंकीस,

जयभीम. हाड जुळतं. मामीनं डिंकाचे लाडू केलेत, तानूबरोबर पाठवतो.

काय करू ते मला विचारू नकोस. तुझं ठरलेलं आहे, फक्त संघ सुटेल याची भीती वाटतेय, आणि ती वाटणारच, एवढी धडपड करून मिळवलेला संघ आहे. तू माफ केलंस तरी मी तुला नावं ठेवणार नाही. सोपानला मात्र ठेवणार. हाड मोडलं तुझं आणि सोहळा त्याचा.

त्या पोराला सांग, पत्रात निदान एक माणूस खरं बोलला. म्हणजे तो फार सज्जन होता असं नाही, गैरहजर होता. पण या पट्ट्यात सध्या तेवढंही पुष्कळ आहे.

मामा


थेरगाव
२ नोव्हेंबर २०२५

ती. मामास,

जयभीम. हात गळ्यात आहे, पण बोटं चालतात. हे अक्षर माझंच, वाकडं असलं तरी.

सोहळा झाला. तेच मंगल कार्यालय, तोच ड्रोन. नवनाथ मागच्या दारात उभा, हाताची घडी घालून. शेठचं अर्धा तास भाषण झालं, नारी म्हणजे देवी वगैरे. मग माइक माझ्या तोंडासमोर धरला आणि हळूच म्हणाले, ‘माफ केलं म्हण, बास.’

मी म्हटलं, ‘माफ कशाबद्दल करू? तो वेळेत पोचला, मी उशिरा मारला. आजवर माझ्याशी खेळलेला हा एकटाच आहे. बाकीच्यांनी मला ओवाळलंय. माझ्या पहिल्या मॅचच्या तिन्ही किकचे पॉइंट परत घ्या, ते मी मिळवलेले नाहीत.’

माइक बंद झाला. शेठ हसत होते, कॅमेरा चालू होता ना. खाली उतरल्यावर म्हणाले, ‘बाईला डोक्यावर घेतलं की ती मिऱ्या वाटते.’ दुसऱ्या दिवशी दोघांचीही नावं काढली. चौकातल्या फ्लेक्सवर आता माझ्या जागी शेठचा नातू आहे.

आईनं दोन दिवस नुसती भांडी आपटली. मग म्हणाली, ‘पेढे वाटलेत मी, ते काय परत मागू?’

बंगळूरला पुरुषांचाच एक संघ आहे. त्यांना लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं की बाई असण्याला हरकत नाही, पण व्हिडिओ पाठवा, माणसं अंगावर येत असताना मारलेल्या किकचा. मामा, माझ्याकडे सगळे व्हिडिओ हात बांधून उभ्या राहिलेल्या माणसांचे आहेत. आणि एक, ज्यात मी आडवी होते.

नवनाथला विचारलंय. खांदा बरा झाला की निघोजेला घाटात, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर, सराव करायचा. तिथं मैदान लांब आहे आणि शर्यत नसली की कोणी येत नाही.

पिंकी


राजगुरुनगर
१८ जानेवारी २०२६

चि. पिंकीस,

जयभीम.

आज सकाळी तू व्हिडिओ काढणार असं तानू म्हणाली होती, म्हणून एस.टी.नं निघोजेला आलो. तुला दिसलो नाही, कारण मी घाटाच्या वरच्या अंगाला, बाभळीखाली बसलो होतो. मामा बघतोय म्हटल्यावर तुझा पाय अडखळला असता.

खेळ अजूनही मला येड्यांचाच वाटतो. चार तास बसलो आणि चेंडू किती वेळ हवेत होता विचारशील तर चहा गार व्हायलाही तेवढा वेळ लागत नाही. पण तू पहिल्या खेपेला डोळे मिटलेस ते मी पाहिलं. दुसऱ्या खेपेलाही मिटलेस. मोडलेलं हाड आठवत असणार. मग मिटले नाहीस. पोरगं मालगाडीसारखं यायचं आणि दर वेळी चेंडू गेलेला असायचा. एकदा चेंडू गेल्यावर तुला चुकवायला ते बाजूला पडलं, गुडघा फोडून घेतला, आणि तू त्याला उठवायच्या आधी चेंडू कुठं पडला ते बघायला गेलीस. ते मला आवडलं.

त्यातली एक गोष्ट तुला दिसली नसेल, कारण तू चेंडूकडे बघत होतीस. मी त्याच्याकडे बघत होतो. मधल्या दोन-तीन खेपांना तुझा खांदा आठवून ते शेवटच्या चार पावलांना पाय आखडत होतं. व्हिडिओत ते कळणार नाही. बंगळूरचे लोक फसले असते. तू फसली असतीस.

तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा मी खाली उतरून त्याला बाजूला घेतलं. त्यानं अंदाजानंच ओळखलं, पाया पडायला वाकलं. मला ऐकू येत नाही म्हणून मी जरा मोठ्यानंच बोलतो, तुझ्यापर्यंत आलं असेल तर माफ कर. म्हटलं, ‘मी तिचा मामा हाय. नीट ऐक. पुन्यांदा हळू आलास, तर गाठ माझ्याशी हाय.’

तुझा,
कोंडीराममामा